खापरपणजोबांच्या जबानीत अकरा वेळा 'आठवत नाही' आलं, तर ती जबानी वाचायची कशी

वाडा पाडायच्या आधी माळ्यावरून एक बाड निघालं, लाल फडक्यात बांधलेलं, आणि त्यात आमच्या खापरपणजोबांच्या जबानीची नक्कल होती. ते हवेली तालुक्यातल्या एका गावचे कुलकर्णी, म्हणजे गावाचा हिशोब आणि दफ्तर लिहिणारे वतनदार. मुठा उजव्या कालव्यासाठी सरकारने गावातली जमीन विकत घेतली, पैसे वाटले, आणि मग वाटलेल्या पैशांचा हिशोब जुळेना म्हणून तपासणी लागली तेव्हा यांना बोलावणं आलं. तेवीस प्रश्न विचारलेत आणि त्यातल्या अकरांना उत्तर एकच, 'आठवत नाही'. काका म्हणाले, बांधून ठेव परत, लोक म्हणतील पैसे खाल्ले. मला ते पटलं नाही, कारण न वाचता ठेवून दिलं तर खाल्ले असंच होणार ना कायमचं. मला आठ महिने लागले, बऱ्याच चुका झाल्या, आणि पुण्यात इतक्या घरांत असे कागद पडून आहेत (कालवा, रेल्वे, छावणी, धरण, कशासाठी ना कशासाठी जमीन गेलीच आहे सगळ्यांची) की कोणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, आणि ही मी उलटी केली म्हणून आधी सांगते. जबानीपासून सुरुवात करू नका. साक्षीदार बोलायला नाखूष असतो तेव्हा त्याचे शब्द वाचून आपण लगेच त्याच्या बाजूने नाहीतर विरुद्ध होतो, आणि मग पुढचे सगळे कागद त्याच चष्म्यातून दिसतात. आधी जमीन आणि पैसा बघा. किती जमीन गेली, कोणाच्या नावावरची गेली, किती रुपये ठरले, किती वाटले, पावतीवर कोणाची खूण आहे. हे पाच कॉलम वहीत पाडा, आणि मग जबानीला हात लावा.

जमिनीसाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे कमी-जास्त पत्रक, ज्याला भूमी अभिलेखवाले नुसतं कजाप म्हणतात. सरकारने सर्व्हे नंबरातून तुकडा काढून घेतला की तेवढं क्षेत्र आणि तेवढा आकार कमी करावा लागतो, नाहीतर गेलेल्या जमिनीचा सारा शेतकऱ्याच्या बोकांडी बसतो, म्हणून हा कागद होतोच होतो. त्याच्या जोडीला आकारबंद (सर्व्हे नंबराचं क्षेत्र आणि सारा) आणि फाळणीचे (नंबराचे तुकडे पाडल्याचे) उतारे मागा. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद, मात्र जुन्या प्रकरणात शोधत बसू नका, मी तीन आठवडे घालवले त्यात. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा आहे, त्याच्या आधीचा फेरफार मिळेल कुठून. त्यानंतरचं प्रकरण असेल तर आपले अभिलेख या सरकारी साईटवर जुने स्कॅन केलेले उतारे आणि फेरफार बघता येतात, आधी तिथे बघून मग ऑफिसला जा. पैशासाठी लागतो तो निवाडा (भरपाई किती ते ठरवणारा हुकूम) आणि त्याच्यासोबतचा वाटपाचा तक्ता, आणि ताबा पावती. कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करताना गाव, तालुका, कशासाठी जमीन गेली आणि अंदाजे साल एवढं तरी लिहा, नुसतं आडनाव लिहून काही निघत नाही.

साल फार महत्त्वाचं, कारण सालावरून कायदा ठरतो आणि कायद्यावरून साक्षीदार कशाला घाबरत होता ते कळतं. १८५७ चा एक भूसंपादनाचा कायदा, मग १८७० चा, मग १८९४ चा, जो पुढे एकशेवीस वर्षं जवळजवळ चालला आणि २०१४ च्या १ जानेवारीपासून नवीन कायदा आला. १८७० च्या कायद्यात रकमेवर एकमत झालं नाही तर कलेक्टरला प्रकरण कोर्टाकडे पाठवावंच लागायचं. १८९४ नंतर कलेक्टरने निवाडा द्यायचा आणि पटला नाही तर मालकाने स्वतः अर्ज करून कोर्टाकडे पाठवा म्हणायचं, कलम १८. म्हणजे १८९४ नंतरच्या कागदात शेतकरी गप्प दिसला तर त्याला रक्कम मान्य होती असं समजू नका. अर्ज लिहून द्यायला माणूस लागतो, आणि गावात लिहिता येणारा माणूस बहुतेक कुलकर्णीच. अजून एक, १८९४ च्या कायद्यात जमिनीच्या बाजारभावावर १५ टक्के जास्तीचे द्यायचे होते, सक्तीने घेतली म्हणून. निवाड्यात जमिनीचा भाव शंभर दिसतो आणि वाटपात एकशे पंधरा दिसतात तेव्हा वरचे पंधरा कोणी खाल्ले नाहीत, ते कायद्याचेच आहेत. मी मुळशीच्या एका ओळखीच्या घरातले कागद बघितले (तिथली जमीन टाटांच्या धरणाला गेली, १९२१ ला सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला तो हाच), तिथे घरच्यांनी हा फरक बघून आपल्याच आजोबांच्या भावाला दोन पिढ्या चोर ठरवलं होतं.

आता आकडे. कागद मोडीत असेल आणि तुम्हाला मोडी येत नसेल तर मोडीचे वर्ग पुण्यात भरतात, दोन-तीन महिने जा, खरंच जा, कारण पैसे देऊन लिप्यंतर करून घेतलंत तरी तपासता यायला हवं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, शब्द तोडलेले नसतात, ते सवयीने जमतं. पण पावकीची खूण फसवते. आकड्यानंतर एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५।। म्हणजे साडेपाच. माझ्याकडच्या पहिल्या लिप्यंतरात ते ५११ झालं होतं आणि त्यामुळे आमच्या खापरपणजोबांच्या नावावर पाचशे रुपयांची अफरातफर लागली होती, मी रात्रभर झोपले नाही. नंतर आणे-पै धरून बेरीज मांडली, सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, आणि तळाची एकूण रक्कम साडेपाच धरल्यावर पैपर्यंत बसली. तेव्हा बेरीज स्वतः करून बघायचीच, बेरीज जुळली की वाचन बरोबर.

जमीन मोजायची भाषा पण दोन थरांची असते. सरकारी कागद एकर आणि गुंठ्यात बोलतो, चाळीस गुंठ्यांचा एकर. साक्षीदार बिघ्यात बोलतो, वीस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा. काठीची लांबी जिथे बदलते तिथे बिघा बदलतो, म्हणून साक्षीदाराचे बिघे कॅल्क्युलेटरवर एकरात फिरवून 'हा खोटं बोलतोय' असं ठरवू नका. आणि त्याच्या तोंडी शेताचं नाव असतं, थोरला मळा, लवणातलं, म्हसोबाचं, तर कागदात सर्व्हे नंबर. ज्या मोजणीचे नंबर आपण आजही वापरतो ती गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात इंदापुरापासून सुरू केली, म्हणजे १८७० च्या सुमाराच्या म्हाताऱ्या माणसाला नंबर ही नंतर आलेली गोष्ट. 'सर्व्हे नंबर अमुकचे पैसे कोणी घेतले' याला 'आठवत नाही' आणि पुढे 'थोरल्या मळ्याचे कोणी घेतले' याला सरळ उत्तर, असं आमच्या जबानीत एकदा झालंय, आणि दोन्ही एकच जमीन आहे. अकरातला एक तिथेच कमी झाला.

पुरावा म्हणून जोडलेलं एखादं जुनं खरेदीखत किंवा सनद पेशवाईतली असेल तर तारीख अरबी शब्दांत असते. खमस अशर मयातैन व अलफ, म्हणजे पाच, दहा, दोनशे आणि हजार, १२१५. ह्या सुहूर सनात ५९९ मिळवले की त्या मृगाला सुरू होणारं इसवी वर्ष, म्हणजे १८१४ चा जून ते १८१५ चा जून. फसली सन असेल तर ५९० मिळवायचे, शक असेल तर ७८. आणि त्या काळची रक्कम कोणत्या रुपयात आहे ते बघा, चांदवडी, अंकुशी, मलकापुरी, प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे नाणं बदलताना होणारी कपात, वेगळा. सगळ्या मुलखात एकसारखा कंपनी रुपया १८३५ पासूनचा आहे, त्याआधीच्या दोन हिशोबांत दोन-चार टक्क्यांचा फरक दिसला तर आधी बट्टा आठवा. इनामाची जमीन असेल तर प्रकरण आणखी मागे जातं, १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला (इनामं खरी का ते तपासणारं सरकारी मंडळ) इनामदाराची सनद मागायचा आणि साक्षी घ्यायचा अधिकार मिळाला. तिथे सगळं किती वर्षं ताबा आणि कितवी पिढी यावर ठरायचं, म्हणून तिथला साक्षीदार पैशाबद्दल भरभरून बोलतो आणि वंशावळीवर अडखळतो. ते कागद पाहायचे तर कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात, आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथे. ओळखपत्र न्या आणि संयम न्या, तिथे कागद रुमालात बांधलेले आहेत आणि असे हजारो रुमाल आहेत.

इथपर्यंत झालं की जबानी उघडा. सगळे प्रश्न कागदावर एकाखाली एक लिहा, पण उत्तरं न लिहिता. फक्त प्रश्न वाचले की विचारणाऱ्याला काय हवं होतं ते दिसायला लागतं, आमच्याकडे पहिले आठ प्रश्न क्षेत्र आणि तारखांचे, मग एकदम पैसे वाटताना कोण हजर होतं, कोणी ओळख पटवली, कोणाच्या हातात दिले. साहेबाला पैसे घेणारा कोण ते नको होतं, ओळख पटवणारा कोण ते हवं होतं. मग उत्तरं भरा आणि 'आठवत नाही' ला लाल खूण करा. आमच्या खापरपणजोबांना क्षेत्र आठवतं, तिथी आठवते, त्या दिवशी पाऊस होता हेही आठवतं. थोरल्या मळ्याची ती एक सोडली तर लाल खुणा सगळ्या एकाच ठिकाणी गोळा होतात, ओळख कोणी पटवली तिथे. म्हातारपणाने विसरणारा माणूस असा एका जागी विसरत नाही, सगळीकडे थोडं थोडं विसरतो. माझ्यासाठी हा अख्ख्या कामातला सगळ्यात वाईट दिवस होता, कारण इथे कळलं की त्यांना आठवत होतं.

पण थांबू नका तिथे. पुढचा प्रश्न स्वतःला विचारायचा, खरं बोलून त्यांचं काय गेलं असतं, आणि खोटं बोलून काय गेलं असतं, आणि बोललोच नसतो तर. पिनल कोड १८६० चं. सरकारी अधिकाऱ्यापुढे खरं सांगायला कायद्याने बांधलेला माणूस उत्तर द्यायला नकार दिला तर तेव्हा कलम १७९, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शपथेवर खोटं सांगितलं तर कलम १९३, कोर्टाच्या कामात सात वर्षांपर्यंत, इतर ठिकाणी तीन. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १३२ म्हणायचं की उत्तराने आपणच अडकू म्हणून उत्तर टाळता येणार नाही, मात्र सक्तीने काढलेलं उत्तर त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरायचं नाही, खोट्या साक्षीचा खटला सोडून. पण ते संरक्षण खटल्यापुरतं. वतन जाण्यापासून कोण वाचवणार, १८७४ चा वतनाचा कायदा होता आणि काम करणाऱ्या कुलकर्ण्याला दूर करायचा अधिकार कलेक्टरच्या हातात होता. नाही म्हटलं तर १७९, खोटं बोललं तर १९३, खरं बोललं तर वतन, आणि गावातले ज्यांच्यासोबत राहायचं ते लोक. ह्या सगळ्यांच्या मधून जाणारा रस्ता एकच होता आणि तो म्हणजे आठवत नाही. हे समजल्यावर मी त्यांना निर्दोष म्हणत नाहीये, पण त्या दोन शब्दांचं वजन तेव्हा काय होतं ते कळलं.

साक्षीदाराला वाचवायची हमी असली की काय होतं आणि हमी ढिली पडली की काय होतं हे पुण्याने नंतर १८८८ मध्ये बघितलं. मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, मुंबईतलं मार्केट ज्याच्या नावाने आहे तोच, त्याच्यावर आरोप आला की नेमणुका आणि बदल्यांसाठी पैसे घेतो. पैसे दिले ते मामलेदारांनी, म्हणजे साक्षीदार स्वतःच गुन्ह्यात. सरकारने सांगितलं की खरं बोला, तुम्हाला काही होणार नाही, आणि ते बोलले. न्यायमूर्ती विल्सन यांच्या कमिशनला लाच शाबीत झाली असं वाटलं नाही, हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल क्रॉफर्डची नोकरी गेली, आणि मग ओरड झाली ती मामलेदारांविरुद्ध, लाच दिली म्हणणारे नोकरीत कसे. काहींच्या नोकऱ्या गेल्या. टिळकांनी त्यांची बाजू घेतली, पुण्यात सभा झाली, आणि १८८९ मध्ये त्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तुमची जबानी ह्या सालानंतरची असेल तर साक्षीदाराने ही गोष्ट ऐकलेली आहे असं धरूनच वाचा. मामलेदारांची ही गत, मग गावच्या कुलकर्ण्याने कोणाच्या भरवशावर बोलायचं.

अजून एक, जबानी तीन हातांतून गेलेली असते. माणूस बोलला, कारकुनाने लिहिलं, आणि साहेबासाठी इंग्रजीत गोषवारा झाला. गोषवारा आणि मूळ दोन्ही मिळाले तर शेजारी ठेवा. आमच्या मुळात एका ठिकाणी 'मला सांगता येत नाही' आहे आणि गोषवाऱ्यात त्याचं 'आठवत नाही' झालंय, आणि ह्या दोन वाक्यांत केवढा फरक आहे. सांगता येत नाही म्हणजे माहीत आहे पण. म्हणजे अकराचे दहा झाले होते त्याचे नऊ झाले. शेवटची ओळ पण बघा, वाचून दाखवलं आणि कबूल, त्याखाली दस्तुरखुद्द (स्वतःच्या हातची सही) आहे का नांगराची निशाणी. लिहिता येणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने कुठे खाडाखोड केलीय का, शाई बदललीय का, हे नकलेत दिसणार नाही, मूळ कागदच लागतो, आणि भिंगाखाली फोटो काढा, उजेड बाजूने पाडून.

ओळख कोणाची लपवली ते मला जबानीतून मिळालंच नाही, पावत्यांतून मिळालं. चार पावत्यांवर शेतकऱ्याच्या निशाणीखाली 'हस्ते' म्हणून एकाच माणसाचं नाव, गावच्या सावकाराचा गुमास्ता, म्हणजे त्याचा कारकून. शेतकऱ्याची जमीन गेली, पैसे सावकाराच्या माणसाने उचलले, कर्जापोटी. त्या दशकात पुणे जिल्ह्यात हे इतकं साठलं होतं की १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं ओढून काढून जाळली. आणि मग आमच्याच बाडात, सगळ्यात खाली, एक गहाणखत निघालं, खापरपणजोबांनी स्वतः त्याच सावकाराकडे वाड्याचा अर्धा भाग लावून दिलेला. काकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणून सांगते, साक्षीदाराच्या स्वतःच्या कर्जाचे कागद शोधाच, घरातच असतात, आणि लग्नाच्या याद्या, किराणाच्या वह्या सुद्धा फेकू नका.

शेवटचं काम सोपं आहे पण कोणी करत नाही. जबानीत जिथे न विचारता जास्त बोललंय ते वाक्य शोधा. नाखूष माणूस एवढंच देतो जेवढं मागितलं, त्यामुळे जिथे तो स्वतःहून एक वाक्य जास्त देतो तिथे त्याला काहीतरी राहवलं नाही. आमच्याकडे असं एकच आहे. एकोणिसावा प्रश्न, जमिनीची हद्द कुठपर्यंत होती. उत्तरात हद्द सांगून झाल्यावर ते म्हणतात, 'बांधावर आंब्याची सात झाडे होती, ती फळत होती.' झाडांबद्दल कोणी विचारलेलं नाही, साहेब पुढच्या प्रश्नाला गेलाय. झाडं आणि विहिरींची किंमत जमिनीपासून वेगळी धरतात आणि त्यांची यादी पंचनाम्यात असते, म्हणून पंचनामा मिळाला की झाडांच्या यादीवर आधी बोट ठेवा. मला तो मिळायला आणखी दोन महिने लागले. खाली पंच म्हणून चौघांच्या निशाण्या आहेत, कुलकर्ण्याची सही नाही, आणि आंब्यासमोर आकडा पाच आहे.